एकशे पस्तीस किलो आणि बाबांचा हात

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. ताकदीच्या बाबतीत आमच्या गावात मला तोड नाही. हे मी नम्रपणे सांगतो आहे. गर्वानं सांगायचं असतं तर अख्खा दिग्रस तालुका म्हटलं असतं.

अशा माणसानं यवतमाळच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत उतरायचं ठरवलं, तर त्यात बिघडण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. खेळ अगदी सोपा आहे. बार खांद्यावर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं, तो स्क्वॉट. बाकावर पडून छातीवरून बार वर ढकलायचा, ते बेंच प्रेस. जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं, ती डेडलिफ्ट. प्रत्येकाला तीन संधी. तिन्ही प्रकारांतले सगळ्यात चांगले आकडे एकत्र मिळवले की झाली तुमची टोटल. आमची स्पर्धा 'रॉ' होती. म्हणजे अंगाला आवळून आधार देणारे ते महागडे सूट चालत नाहीत. कमरेला पट्टा, आणि सकाळी आईनं जे खाऊ घातलं असेल ते. बाकी माणूस आणि लोखंड!

टोटल मला हवीच होती. कारण नाही आली तर सोमवारी पुसद.

पुसदला माझ्या मामाचं खत-बियाण्याचं दुकान आहे. मामा चांगला माणूस आहे, पण त्याच्या गल्ल्यावर बसणारा माणूस मी पाहिला आहे. आधी तो माणूस होता, आता तो गल्ल्याचाच एक भाग आहे. मधूनच उघडतो, 'हं' म्हणतो आणि बंद होतो. बाबांनी मला त्याच्या जागी बसवायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, ट्रॅक्टर घेतल्यापासून आपला गोठा रिकामा आहे, मी त्यात जिम काढतो.

"बैलं विकले," बाबा म्हणाले, "अन् आता तू बांधून घेतो का तिथं?"

"गावातले पोरं येतील बाबा. फी देतील."

"वावरात पोते उचलाले बोलावतो तं पोट्टे पळून जातेत. अन् इथं पैसे देऊन लोखंड उचलतीन?"

शेवटी आई, म्हणजे विमलताई, मध्ये पडली आणि करार झाला. स्पर्धेत टोटल लागली तर गोठा माझा, नाही लागली तर पुसद. बाबांनी हे पारावर जाऊन चार माणसांत सांगितलं. त्यामुळे करार पक्का झाला. आमच्याकडे स्टॅम्पपेपरपेक्षा पार पक्का.

इथं आमच्या बाबांची थोडी ओळख करून द्यायला हवी. वामनरावांचं एक व्रत आहे. कोणी ओझं उचलताना दिसला की हात लावायचा! तो कोण, काय उचलतो आहे, कुठं नेतो आहे, हे विचारायचं नाही. दिग्रसच्या बसस्टँडवर एका बाईची पेटी मागच्या सीटपर्यंत पोचवायला ते एसटीत चढले आणि घरी संध्याकाळी पुसदहून परत आले. एकदा रस्त्यात अंत्ययात्रा दिसली, तर खांदा दिला. स्मशानातून आल्यावर आईला म्हणाले, "भला माणूस होता." आईनं विचारलं, "कोण होता?" तर म्हणाले, "ते नाही विचारलं." भर दुपारी दोन माणसं आमच्या शेजाऱ्याच्या विहिरीवरचा पंप चोरून नेत होती. बाबांनी तो गाडीत चढवायला हात लावला. वरून "हळू न्या" असंही सांगितलं. पुढं पोलिसांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "चोर असो का साव असो, पंप भारी होता!"

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी त्यांना स्पर्धेला यायला सांगितलं. ताकद आणि अक्कल एकाच डब्यात मावत नाहीत, त्याचा हा पुरावा.

माझी तयारी दिग्रसला जमीरभाईंकडे चालू होती. जमीरभाईंचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. पुढच्या अर्ध्या शेडमध्ये ट्रॅक्टर उघडे पडलेले असतात, मागच्या अर्ध्यात आम्ही. जमीरभाई तरुणपणी राज्य स्पर्धेपर्यंत जाऊन आलेले. त्यांची धाकटी बहीण फिजा कॉलेजला आहे आणि ती पण स्पर्धेत उतरणार होती. फिजा डोक्याला रुमाल बांधून, तोंडानं एक शब्द न काढता, माझ्या वजनात आणखी एकदा माझंच वजन मिळवलं तर जेवढं होईल तेवढं उचलते. म्हणून मी तिच्याशी ताकदीबद्दल बोलत नाही. हवामानाबद्दल बोलतो.

या खेळात ताकदीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे थांबणं, हे मी तिथं शिकलो. स्क्वॉट मारून तुम्ही वर आलात म्हणजे संपलं नाही. मुख्य पंच जोपर्यंत हात मागे करून 'रॅक!' म्हणत नाही, तोपर्यंत बार खांद्यावर घेऊन पुतळ्यासारखं उभं राहायचं. आधीच ठेवला तर लाल दिवा.

"जल्दबाजी में सब जाते," जमीरभाई म्हणायचे. "ताकदवाले पहिले जाते."

सराव करताना पंच अर्थात जमीरभाईच. आणि ते पंच असतानाच गिऱ्हाईक यायचं. एकदा मी शंभर किलो घेऊन वर आलो आणि राजूरकडचा एक ट्रॅक्टरवाला आत शिरला. त्याच्या क्लचप्लेटचा भाव ठरेपर्यंत मी तसाच उभा! त्यानं चहा मागवला. चहा आला. तो मला म्हणाला, "घेता का भाऊ?" मी मानेनं नाही म्हटलं. तो म्हणाला, "लय शांत पोट्टा आहे तुमचा."

जमीरभाईंनी शेवटी एकच गोष्ट बजावली. "स्क्वॉटचं पहिलं वजन एकशे वीस लिहून दे. झोपेत पण उठेल असं. बात खतम."

मी एकशे पस्तीस लिहून दिलं. कारण पारावर मी एकशे पस्तीसच सांगितलं होतं.

"ये क्या किया?" फिजानं विचारलं.

"होते ना."

"उठलं नाही तर कमी करता येत नाही, माहीत आहे ना? एकदा सांगितलं की वाढवता येतं फक्त."

म्हणजे बढाईसारखंच. हा मुद्दा तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

स्पर्धा यवतमाळच्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं. स्टेजवरची फुलं अजून ताजी होती आणि मागच्या पडद्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' लिहिलेलं तसंच होतं. स्टेजच्या मधोमध प्लॅटफॉर्म, त्यावर बार. दोन पंच दोन बाजूंना साध्या खुर्च्यांवर. मुख्य पंच समोर, नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीवर. प्रत्येक पंचापाशी एक बटण, वर तीन दिवे. तिघांपैकी दोघांनी पांढरा दिला की वजन पास. त्यामुळे त्या दिवशीच्या माझ्या प्रत्येक फोटोत मी तोंड वेडंवाकडं करून ओझ्याखाली वाकलो आहे आणि मागं 'शुभविवाह' लिहिलं आहे. आमच्या गावातल्या लग्न झालेल्या माणसांना हे फोटो फार आवडतात.

मुख्य पंच होते प्रेमसिंग सर. निवृत्त पीटी मास्तर. आवाज असा की हॉलमधले पंखे थांबून ऐकायचे. सख्ख्या पुतण्याला तीन लाल दिवे देऊन परत त्याच्याच घरी जेवायला गेलेला माणूस, अशी त्यांची ख्याती.

दहाच्या सुमारास गावातून माल वाहायचा छोटा हत्ती भरून माणसं आली. त्यात आई होती, डबा होता, पारावरची सगळी मंडळी होती आणि पुढं ड्रायव्हरजवळ पांढरा सदरा घालून बाबा. मंगल कार्यालय दिसल्यावर अर्धी मंडळी सवयीनं चपला काढून जेवणाच्या हॉलकडेच गेली. त्यांना परत वळवून आणावं लागलं.

माझं नाव पुकारलं. मी पट्टा आवळला. मांडीवर थाप मारली. थाप जरा जोरात लागली, पण ते मी कोणाला कळू दिलं नाही. बार खांद्यावर घेतला. दोन पावलं मागे. प्रेमसिंग सर ओरडले, "स्क्वॉट!"

गेलो खाली. एकदम व्यवस्थित. मग वर यायला लागलो, आणि अर्ध्यात आल्यावर ते एकशे पस्तीस किलो मला आपली ओळख सांगू लागले. गुडघे थरथरले. कानात शिट्टी वाजली. आणि अचानक, काय सांगू तुम्हाला, बार हलका झाला! फुलासारखा! मला वाटलं, हीच ती आतली ताकद! जमीरभाई म्हणायचे ना, एका क्षणी शरीराचं कुलूप उघडतं! उघडलं! मी भराभर वर यायला लागलो.

आणि कानाजवळ आवाज आला, "उठ बापा, मी हावो ना मागून!"

तीन लाल दिवे.

"कोण आहे हा माणूस?" प्रेमसिंग सर खुर्चीतून उठले.

"बाप हावो मी त्याचा," बाबा म्हणाले. त्यांचा एक हात अजून बारला होता.

"मग खाली जाऊन बसा!"

"बाप हावो म्हणून तं वरी आलो!"

"अहो, बारला हात लावायचा नसतो!"

"मी कुठी उचलला? मी नुस्ता हात लावला."

"नुसता लावला म्हणूनच बाद! लिफ्टरला एकट्यानं उचलायचं असतं."

"एकट्यानं?" बाबांनी सगळ्या हॉलकडे पाहिलं. "इतके लोकं असताना?"

हा प्रश्न इतका प्रामाणिक होता की दोन-तीन प्रेक्षकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बाबांचं लक्ष प्लॅटफॉर्मच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या दोन धडधाकट मुलांकडे गेलं. यांना स्पॉटर म्हणतात. माणूस खरोखर दबला, तर आणि तरच बार धरायचा, एवढंच त्यांचं काम.

"अन् तुम्ही बे? तुम्ही काय करून राह्यले इथं?"

"स्पॉटर आहो काका. तो पडला तं धरतो."

"पडल्यावर?" बाबा म्हणाले. "पडल्यावर तं कुत्रं बी जवळ येते! पडायच्या आंधी धरावं ना लेकहो!"

जमीरभाईंनी त्यांना कसंबसं खाली नेलं आणि तिसऱ्या रांगेत आईच्या शेजारी बसवलं. मी मागे जाऊन खुर्चीवर बसलो. फिजानं मला पाणी दिलं.

"पहिल्यांदाच पाहिलं मी," ती म्हणाली, "बाप-बेट्याची स्क्वॉट."

"अजून दोन आहेत," मी म्हटलं. "तीनही गेल्या तर स्पर्धेतूनच बाहेर. बेंच नाही, डेडलिफ्ट नाही, टोटल नाही."

"अन् मग?"

"पुसद."

तिनं बाटलीचं झाकण लावलं. एवढं गंभीरपणे तिला झाकण लावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या संधीच्या वेळी बाबा आपल्या जागेवर बसलेले होते. मी खात्री करून घेतली. आईनं त्यांचा सदरा मुठीत धरला होता. मी निश्चिंत झालो. बार घेतला. खाली गेलो. वर यायला लागलो. पुन्हा अर्ध्यात गुडघे थरथरले.

आणि पुन्हा कुलूप उघडलं!

या वेळी जरा जास्तच उघडलं. मी उठलो म्हणणं बरोबर नाही, मला उठवलं. टाचा जमिनीवरून सुटल्या असाव्यात. डावीकडे पाहिलं तर एका स्पॉटरनं बार धरलेला, उजवीकडे दुसऱ्यानं. दोघांच्या डोळ्यांत पाणी!

तीन लाल दिवे.

आता जमीरभाई उसळले. "सर, ये तो नाइन्साफी आहे! माझा पोट्टा उठत होता. स्पॉटरची गलती आहे, परत चान्स द्या!"

"स्पॉटरची चूक असेल तर देतो ना," प्रेमसिंग सर शांतपणे म्हणाले. "नियम आहे तसा. काय रे, काहून धरलं?"

दोघं खाली पाहू लागले. त्यातला एक झरी जामणीकडचा होता, तो म्हणाला, "सर, त्या काकांनी सांगतलं."

"कोणत्या काकांनी?"

दोघांनी एकदम तिसऱ्या रांगेकडे बोट केलं.

झालं असं होतं. मधल्या वेळात बाबा पाणी प्यायला म्हणून उठले होते. पाण्याच्या कॅनजवळ त्यांना हे दोघं सापडले. बाबांनी त्यांना एवढंच विचारलं, "तुमच्या बापाच्या डोक्यावर ओझं असतं तं तुम्ही असेच हात बांधून उभे राह्यले असते का?" झरी जामणीच्या मुलाचा बाप जंगलकामाला जातो. त्याला पुढचं ऐकवलंच नाही म्हणे.

"म्हणजे स्पॉटरला लिफ्टरच्याच माणसानं फितवलं," प्रेमसिंग सर म्हणाले. "प्रयत्न बाद!" मग मुलांकडे वळले. "अन् तुम्ही दोघं! आता तो मेला तरी मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही!"

"हो सर," दोघं म्हणाले आणि त्यांनी हात खिशात घातले.

मला समोर पुसद दिसायला लागलं. पूर्ण दिसायला लागलं. गल्ला दिसला. भिंतीवरचं कीटकनाशकाचं कॅलेंडर दिसलं. गल्ल्यावरच्या माणसाचा 'हं' ऐकू आला.

बाबा मागच्या दारानं माझ्याजवळ आले. पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही हात त्यांच्याच अंगाला चिकटलेले होते.

"माह्यामुळं झालं का रे?"

मी पट्टा सैल केला.

"मले पाहवत नाही बापा ते. तू खाली गेला का माह्ये हातच उठतेत. मी काय त्याईले सांगून पाठवतो का?" ते दाराकडे वळले. "मी बाहेर जाऊन बसतो."

"बाहेर कायले जाता?" आई म्हणाली. "बाहेर मंडपवाला खुर्च्या भरून राह्यला. त्याच्या गाडीसंगं नागपूरले जासान!"

जमीरभाई एवढा वेळ दाढी खाजवत विचार करत होते. ट्रॅक्टर सुरू होत नसला की ते असंच करतात. ते म्हणाले, "काकांचे हात रिकामे आहेत, हीच बिमारी आहे."

त्यांनी वजनांच्या ढिगातून पंचवीस किलोची एक लोखंडी प्लेट उचलली आणि बाबांना स्टेजच्या कडेला उभं करून त्यांच्या हातात दिली.

"काका, ही जरा धरा. खाली टेकवायची नाही."

"काहून?"

"नियम आहे."

"नियम आहे तं धरतो." बाबांनी प्लेट नातवासारखी छातीशी घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांना कोणी काम दिलं होतं.

माझं नाव तिसऱ्यांदा पुकारलं. पाय आधीच दोनदा पिळून झालेले. पण एक गोष्ट सांगतो, त्या वेळी मला ना पार आठवला, ना गोठा. फक्त जमीरभाईंचा घाई न करायचा तो धडा आठवला आणि तेवढंच करायचं ठरवलं. बार घेतला. "स्क्वॉट!" खाली गेलो. वर यायला लागलो. अर्ध्यात गुडघे थरथरले. वाट पाहिली. कुलूप उघडलं नाही. कोणी येणार नव्हतं. स्पॉटरचे हात खिशात. मग मी स्वतःच ढकललं. एक बोट वर. अजून एक बोट. हॉलमध्ये कोणीतरी शिंकलं आणि त्या धक्क्यानं अजून एक बोट!

उभा राहिलो. ताठ! गुडघे बंद! आता फक्त 'रॅक' म्हणायचं बाकी.

मी समोर पाहिलं. नवरदेवाची खुर्ची रिकामी होती.

स्टेजच्या कडेला बाबांच्या हातातली प्लेट घसरत होती. पंचवीस किलो लोखंड छातीशी धरून उभं राहणं काही सोपं नाही, वय साठीला आलेलं. प्लेट पोटावर आली, मग मांडीवर. बाबा गुडघ्यात वाकले, पण टेकवली नाही, कारण नियम! आणि तीस वर्षं शाळेत, तीन-चार वर्षं पंच म्हणून काढलेले प्रेमसिंग सर मूळचे आमच्याच बाजूच्या एका तांड्यावरचे निघाले. त्यांचं शरीर आपोआप उठलं.

"बाबाजी, सोडू नका! धरलं मी!"

दोघांनी दोन बाजूंनी प्लेट धरली. मी एकशे पस्तीस किलो घेऊन ऐकत उभा.

"कुठी ठेवायची?" सरांनी विचारलं.

"ठेवायची नाही म्हणते."

"कोण म्हणते?"

"मेकॅनिक."

"कायले?"

"नियम आहे म्हणे. तुमचाच असंल."

"माझा? माझा नाही बा असा कोणता नियम."

"मंग जमीरचा असंल. तुमचं गाव कोणतं म्हटलं?"

गाव निघालं! दोघांच्या ओळखीचा एक अडतदार निघाला. त्याच्या पोरीचं लग्न निघालं. माझे पाय आता वाऱ्यावरच्या तुरीसारखे हलत होते. पारावरची आमची सगळी मंडळी उठून प्लेटकडे धावली, कारण म्हातारा माणूस आणि एक मास्तर असे दोघंच ओझं धरून उभे आहेत हे त्यांनाही पाहवलं नाही. पाहता पाहता त्या पंचवीस किलोला नऊ-दहा माणसं लागली. एकशे पस्तीसला मी एकटा! मी स्पॉटरकडे डोळ्यांनी खुणावलं. झरी जामणीचा मुलगा हळूच म्हणाला, "सरांनी नाही म्हटलं ना भाऊ," आणि त्यानं हात खिशात अजून खोल घातले.

शेवटी फिजा ओरडली. एरवी एक शब्द न काढणारी फिजा! "सर! तो उभा आहे अभी तक!"

प्रेमसिंग सर वळले. त्यांना आपण पंच आहोत हे आठवलं. हात करायचा होता, पण दोन्ही हात प्लेटला. मग त्यांनी हनुवटी मागे झटकली आणि गर्जना केली, "रॅक!"

मी बार ठेवला. म्हणजे बार आणि मी, दोघंही ठेवले गेलो.

बाजूच्या दोन पंचांनी बटणं दाबली. पांढरा. पांढरा! तिसरा दिवा लागलाच नाही, कारण त्याचं बटण दाबणारा माणूस अजून ओझं खाली ठेवायला जागा शोधत होता. पण दोन पुरेसे असतात!

"झालं का?" गर्दीतून बाबांचा आवाज आला.

"झालं बाबा!"

"घ्या!" बाबा म्हणाले. "अन् मी पाह्यलंच नाही."

बेंच आणि डेडलिफ्टला बाबा स्वतःहून भिंतीकडे तोंड करून बसले. दर वेळी आईला विचारायचे, "निघाला का थो वरी?" आई म्हणायची, "निघाला." मग ते श्वास सोडायचे. टोटल लागली. आमच्या वजनगटात चार जण होते, मी चौथा आलो. फिजाला सुवर्णपदक मिळालं. तिनं ते छोट्या हत्तीजवळ बाबांच्या हातात पाहायला दिलं, तर बाबा म्हणाले, "हे हलकं आहे, याले मी हात लावू शकतो."

गोठा मला मिळाला. बाबा शब्दाचे पक्के. त्यांनी स्वतः शेण खरवडलं, पारावर जाऊन जाहीरही केलं. नुसतं जाहीर केलं नाही, समजावून सांगितलं. "आमच्या पियुषची गोष्ट आता येगळी झाली. थो नियमातला माणूस झाला. त्याच्या वजनाले कोणी बोट जरी लावलं, तं थो बाद होते. मी डोळ्यानं पाह्यलं." गावानं ऐकलं. आमचं गाव अशा बाबतीत फार समजूतदार आहे.

पहिल्यांदा गॅस सिलिंडर आणताना कळलं. एरवी शेजारच्या दारातून सोनू धावत यायचा. तो आला, जवळ उभा राहिला आणि हात मागे बांधून म्हणाला, "शाबास दादा." परवा सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, ट्रॉलीत चढवायचे होते. एरवी या कामाला अर्धी गल्ली लागते. या वेळी पूर्ण गल्ली आली आणि ओळीनं उभी राहिली. एक म्हातारबा सवयीनं पुढं सरकला, तर बाकीच्यांनी त्याला ओढलं. "हात नको लावू गा! पोट्ट्याचं नुकसान होईन!" मी कट्टा पाठीवर घेऊन बाबांकडे पाहिलं. बाबांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं.

सगळे कट्टे मी एकट्यानं चढवले. टाळ्या वाजवायचं कोणी राहिलं नाही.

तर ताकदीच्या बाबतीत गावात मला तोड नाही, ते हे असं. जिमचं म्हणाल, तर ती सध्या बंद आहे. पाठ धरली आहे, वाकता येत नाही. गोठ्याचं लाकडी दार थोडं उचलून सरकवावं लागतं. तसं फार जड नाही, दोघं असले की होतं.